दोनशे माणसांचं तिखट

त्या मुलीच्या नावापुढे टॅबलेटवर लाल अक्षरांत आलं: गुणोत्तर व प्रमाण, समज नाही. मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचलं असतं तर तो टॅबलेट उचलून शाळेच्या टाक्यात टाकला असता, इतकी माझी कानशिलं तापली होती. मला राग लवकर येतो हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. पण हा राग लवकर आलेला नव्हता. बावीस वर्षं गणित शिकवून, असल्या तपासण्या दरवर्षी बघून, साठत साठत आलेला होता.

मी पांढुर्ण्याची. सकाळच्या बसने सौसर, तिथून मिळेल त्या गाडीने रामाकोन्याच्या पुढे एका गावात. तिथल्या मिडल स्कूलमध्ये सहावी ते आठवीला गणित शिकवते. आठवीच्या पुढे त्या गावात शाळा नाही. मुलं सायकलवर दुसऱ्या गावी जातात. मुली काही जातात, काही घरी बसतात, आणि घरी बसणं म्हणजे कामाला लागणं हे वेगळं सांगायला नको.

ही मुलगी आठवीत होती. तिचे आईवडील पंगतीचा स्वयंपाक करतात. लग्न असो, तेरवी असो, देवळातला भंडारा असो, आजूबाजूच्या दहा-बारा गावांत चूल पेटवायला यांनाच बोलावतात. बाप गंजापाशी, म्हणजे भाजीच्या मोठ्या पातेल्यापाशी, आई पुऱ्यांपाशी, आणि मुलगी दोघांच्या मधे. लग्नाची तिथी निघाली की ती दोन दिवस शाळेतून गायब. हेडमास्तर तिच्या हजेरीवर सारखे करवादायचे. मी बापाला बोलावून झापलं होतं. तो ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला होता की निवासी शाळेत नंबर लागला तर पोरीला खुशाल शिकवीन, तिथे खाणंपिणंही होते आणि नजरेआड असली तरी काळजी नाही. नाही लागला तर मात्र मॅडम, मले हात पाहिजे. त्याला खोटं बोलायची गरज नव्हती. मला त्याचा राग आला नाही.

तर नंबर लागण्याचा रस्ता असा होता. जिल्ह्यावरून एक तपासणी ठरली. आठवीच्या प्रत्येक मुलाला गणितातले सहा विषय तोंडी विचारायचे. सहाही पार करील त्यालाच निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म आणि त्याआधीची तयारीची शिकवणी. पाच पार केले तरी घरी. ही मुलगी पाच पार करून बसली होती. अपूर्णांक, दशांश, क्षेत्रफळ, समीकरण, आलेख. सहाव्यापाशी लाल अक्षरं.

तपासायला आलेला माणूस तरुण होता. नीटनेटका, बोलायला गोड, मुलांना धाक वाटू नये म्हणून खुर्ची सोडून त्यांच्यासोबत खाली दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसला. तेवढ्यासाठी त्याला मी मनातून दोन मार्क जास्त दिले. प्रश्न पडद्यावर यायचा, तो हिंदीतून वाचायचा, मूल अडलं तर मराठीत सांगायचा, मग मुलाने दिलेलं उत्तर खालच्या चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवून नोंदवायचा. लिहायचं काही नाही. लिहिता न येणाऱ्या मुलाचं गणित कच्चं ठरू नये म्हणून तोंडी, असं वरून आलेल्या पत्रात होतं. आणखी एक गोष्ट त्या पत्रात मोठ्या अभिमानाने लिहिली होती. सगळे प्रश्न मुलांच्या रोजच्या जगण्यातून घेतले आहेत म्हणे.

मी दाराशी उभी होते. बोलायची मनाई होती, ऐकायची नव्हती.

प्रश्न असा होता. पन्नास माणसांच्या भाजीला चारशे ग्रॅम तिखट लागते, तर दोनशे माणसांच्या भाजीला किती लागेल?

बाकी प्रश्नांवर ती जरा थांबून, ओठ हलवून उत्तर देत होती. हा प्रश्न ऐकून तिचा चेहरा एकदम उघडला. परक्या गावात ओळखीचं कोणी भेटावं तसा.

"सव्वा किलो," ती म्हणाली. "फारच झालं तं वरून एक मूठ."

तपासणीसाने पुन्हा वाचून दाखवलं. पन्नासाला चारशे. दोनशेला?

"हो सर, पन्नासाले चारशे बराबर हाय. पण तिखट तसं नाही ना वाढत. दोनशेले सोळाशे टाकलं तं लोकं पानावरून उठतीन."

तो हसला. पडद्यावर सोळाशे होतं, आठशे होतं, साडेपाचशे होतं आणि चौथं होतं "यांपैकी नाही". त्याने चौथ्यावर बोट ठेवलं. लाल झालं.

मनाई गेली चुलीत, मी आत शिरले. विचारलं, अहो, तिने स्वतःच्या तोंडाने सोळाशे म्हटलं ना? सोळाशे काढता आल्याशिवाय सोळाशे टाकू नये हे कसं सांगेल ती? तो म्हणाला, मॅडम, बात तो सही है, पण इथे तिने अंतिम उत्तर सव्वा किलो दिलं, आणि मला अंतिम उत्तर नोंदवायचं आहे. मी म्हटलं, मग कारण लिहा. तो म्हणाला, कारण लिहायला जागाच नाही. त्याने मला पडदा फिरवून दाखवला. खरंच नव्हती.

तेव्हा मी त्याच्यासमोर, त्याच दरीवर बसून, त्या मुलीला विचारायला लागले. पन्नास माणसांना पाच किलो तांदूळ लागतो, तर पावणेदोनशे माणसांना? साडेसतरा. तीस माणसांना? तीन. बावीस किलो तांदूळ आणून ठेवला आहे, किती माणसं जेवतील? दोनशे वीस, आणि भात आवडीनं खाणारे असले तं दोनशे. पन्नासाला सहा किलो कणीक पुरीची, पंचाहत्तराला? नऊ. एकदाही तिने कागद मागितला नाही.

मग मी म्हटलं, माणसं वाढली की काय काय त्याच हिशोबात वाढते आणि काय नाही, सांग.

ती एकेक बोट दुमडत सांगत गेली. तांदूळ, डाळ, कणीक, आलू, वांगे, हे माणसामागं वाढते. तिखट मागं राहते. मीठही थोडं मागं राहते, पण तिखटाइतकं नाही. फोडणीचं तेल मागं राहते. वाढणारे लोक तं वेगळ्याच हिशोबानं लागते, पंगत किती लांब बसली त्याच्यावर. आणि शिजायचा वेळ गंजावर हाय, माणसावर नाही.

बावीस वर्षांत प्रमाणाचा धडा मी कितीदा शिकवला असेल. दोन राशी एकाच पटीत वाढतात तेव्हा त्या समप्रमाणात असतात, हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून माझं मनगट दुखून गेलं. पण कोणत्या राशी एकाच पटीत वाढत नाहीत हे मी एकाही वर्षी एकाही मुलाला विचारलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं म्हणून विचारलं नव्हतं. पुस्तकात ज्या धड्याला प्रमाण नाव असते त्या धड्यातलं सगळंच प्रमाणात असते.

माझी चीड वाढली ती पुढच्या गोष्टीने. वर्गात पहिल्या नंबराची मुलगी होती, तिला सहाही विषयांत हिरवं मिळून नावापुढे "प्रवीण" आलं होतं. चांगली, कष्टाळू मुलगी, तिचा काही दोष नाही. तिला मी बोलावलं आणि विचारलं, एका चुलीवर एका गंजातलं वरण चाळीस मिनिटांत शिजते, तर चार चुलींवर चार गंज एकाच वेळी ठेवले तर किती वेळ लागेल? तिने हवेत बोटाने फुली काढली, तिरका गुणाकार केला आणि म्हणाली, एकशे साठ मिनिटं. कोपऱ्यातून आमची ही मुलगी फस्सकन हसली आणि लगेच तोंडावर ओढणी धरली. तपासणीसही हसला. हसून झाल्यावर म्हणाला, मॅडम, पण हा प्रश्न आमच्या संचात नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून काय वेगळी असते? जिला फुली मारता येते ती प्रवीण. जिला फुली कुठे मारायची आणि कुठे नाही हे कळते तिला समज नाही. आणि हे ठरवणारा माणूस वाईट असता तर भांडून तरी समाधान झालं असतं. तो वाईटही नव्हता. जाताना त्याने त्या मुलीला विचारलं की घरी चाळीस माणसांचा कार्यक्रम आहे, तिखट किती टाकू, आणि तिने सांगितलेलं मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी आधी एक फोन केला. माझ्या पुतणीच्या लग्नात पांढुर्ण्याच्या ज्या आचाऱ्याने स्वयंपाक केला होता, त्याला. तोच प्रश्न त्याला घातला. तो म्हणाला, तेरा-चौदाशेच्या वर गेलो तर माझा धंदा बसेल बाई. का, असं विचारलं तर म्हणाला मोठ्या गंजात तिखट चढते. पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या अजून दोघींना विचारलं. एकीने वाफेचं कारण सांगितलं, दुसरीने तेलाचं. कारण कोणाचं कोणाशी जुळलं नाही, पण सोळाशे टाका असं एकानेही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला समजावलं. त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. आपल्या शाळेतल्या अकरा मुलांचे फॉर्म निघून राहिले, एका पोरीसाठी जिल्ह्याशी वाकडं कशाला घेता? आणि मॅडम, तिचं उत्तर खरंच तर चुकलं ना, पुस्तकाच्या हिशोबानं? मी म्हटलं, सर, तुमच्या मुलीच्या लग्नात सोळाशे टाकायला सांगू का आचाऱ्याला? नको, म्हणाले. पण तिचं उत्तर मान्य करा म्हणून मी लिहिलेल्या अर्जावर सही त्यांनी केली नाही. मी एकटीच्या सहीने अर्ज घेऊन पांढुर्ण्याला शिक्षण कार्यालयात गेले. गावातल्या गावात म्हणजे मला घरापासून दहा मिनिटं, तरी साहेब भेटायला तिसरा दिवस उजाडला.

साहेबांनी अर्ज वाचला. मन लावून वाचला, हे मला मान्य केलं पाहिजे. मग चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, गणितातली मिरची ही मिरची नसते."

मी विचारलं, मग काय असते? ते म्हणाले, एक राशी असते. तिला चव नसते. विद्यार्थ्याने प्रश्नातलं गणित बघायचं, बाकी विसरायचं. मी म्हटलं, विसरायचंच होतं तर रोजच्या जगण्यातले प्रश्न कशाला घातले? पन्नास खड्ड्यांना चारशे विटा विचारायचं होतं, तिने सोळाशे सांगितलं असतं. तुम्ही तिच्या घरात शिरून तिच्याच चुलीवरचा प्रश्न विचारता आणि तिने घरातलं खरं उत्तर दिलं की म्हणता चूल विसर. ज्याच्या घरी कधी पंगत रांधली नाही त्याला हा प्रश्न सोपा जातो आणि जिचा जन्म गंजापाशी गेला तिला तो अडवतो. हे जगण्यातून घेतलेलं म्हणायचं की जगण्याविरुद्ध घेतलेलं?

माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरचा बाबू दारात येऊन उभा राहिला. साहेब मात्र चिडले नाहीत. ते म्हणाले, एकेका मुलाच्या स्वयंपाकघराचं ऐकत बसलो तर जिल्ह्याचा निकाल कधी लागायचा? प्रश्न बदलता येणार नाही, उत्तर बदलता येणार नाही. पण तुमची तळमळ दिसते. एक करा. नेटवर्क गेलं होतं, नोंद नीट झाली नाही, असं लिहून द्या. तांत्रिक कारणावर फेरतपासणी देता येते. गुरुवारी माणूस पाठवतो.

म्हणजे खऱ्या कारणाला जागा नव्हती आणि खोट्याला होती. मी तिथल्या तिथे टेबलावर वाकून लिहून दिलं की नेटवर्क गेलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिला व्हरांड्यात थांबवलं. समोर मैदानात कोणाचा तरी कापसाचा ट्रॅक्टर वळत होता. खरं सांगायचं तर बोलायचं जिवावर आलं होतं. सात दिवस मी ज्या उत्तरासाठी हेडमास्तरांशी, साहेबांशी, तपासणीसाशी भांडले होते, तेच उत्तर देऊ नकोस हे आता मला सांगायचं होतं. मी शक्य तितकं साधं सांगितलं. उद्या ते सर पुन्हा येतील. प्रश्न तोच येईल. तू सोळाशे सांग. तुझं उत्तर बरोबर आहे हे मला माहीत आहे, सरांनाही माहीत आहे. पण तिथे सोळाशे सांगितल्याशिवाय फॉर्म निघत नाही.

मला वाटलं होतं ती का म्हणून विचारील. वाद घालील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तिने नुसती मान हलवली आणि दप्तर खांद्यावर घेतलं. त्या मान हलवण्याने मला जास्त लागलं. मीच विचारलं, तुला राग नाही आला? खरं असून खोटं सांगायचं म्हणून?

"नाही मॅडम. मले सवय हाय," ती म्हणाली. "सहावीच्या पेपरात असंच गणित आलं होतं, मिठाचं. तवा मी बरोबर लिहिलं तं तुमी काटलं होतं. तवापासून मी पुस्तकातलंच लिहून राहिली. त्या दिवशी त्या सरायनं खाली बसून तोंडी इचारलं, मले वाटलं त्याहीले खरंच पाहिजे हाय."

मी म्हटलं, मी काटलं?

"लाल पेनानं. खाली लिहिलं होतं, समजून लिहीत जा."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. घरी कोणत्या वाटेने जाते हे सांगावं तसं सांगत होती. मला ते गणित आठवलं नाही, आठवण्यासारखं काही नव्हतंच त्यात. एका बैठकीत मी चाळीस पेपर तपासते. मिठाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, आडवी रेघ मारली, शेरा दिला, पुढचा पेपर घेतला. तिला विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. माझ्या हातात तर टॅबलेटही नव्हता, चार पर्यायही नव्हते. लिहायला अख्खी समासाची जागा होती, आणि त्या जागेत मी काय लिहिलं ते तिला दोन वर्षं पाठ होतं. ते पेपर केव्हाच रद्दीत गेले. नाहीतर शोधून काढले असते, आणि काढून काय केलं असतं कोण जाणे.

मी तिला म्हटलं, माझं चुकलं होतं. ती गोंधळून गेली. मॅडम चुकल्या तर काय करायचं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. म्हणाली, जाऊ द्या ना मॅडम, एकाच मार्काचं होतं. आणि आई वाट पाहून राहिली असेल म्हणून निघून गेली.

गुरुवारी तपासणीस आला, तसाच दरीवर बसला. प्रश्न तोच आला. त्याने वाचायला सुरुवात केली, तर वाक्य पुरं व्हायच्या आधीच तिने सोळाशे म्हटलं. पडदा हिरवा झाला. त्या दिवशी उघडला होता तसा तिचा चेहरा उघडला नाही, बेरीज सांगावी तसं तिने ते सांगितलं. तपासणीसाला खरंच आनंद झाला. त्याने सांगितलं की चाळीस माणसांचा कार्यक्रम झाला, भाजी एकदम बरोबर जमली होती. हेडमास्तरांनी बारावा फॉर्म माझ्या हाती दिला आणि तिने तिथेच बसून तो भरला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिने स्वयंपाक लिहिलं.

जाताना तपासणीस फाटकापाशी थांबला. म्हणाला, मॅडम, एका आठवड्यात इतका फरक कोणी पाडून दाखवला नव्हता मला. तुम्हीच शिकवलं ना?

हो म्हटलं. मीच शिकवलं.